कापडाचा रंग आणि सावित्रीचे पाणी

वस्त्रव्यवसायात पर्यावरणाची भाषा आता चांगलीच रुळली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालय व तयार कपड्यांच्या उत्पादकांची संघटना यांनी ‘शुअर’ नावाचा संकल्प जाहीर केला आणि देशातील काही बड्या कपडे कंपन्या त्यात सामील झाल्या. युरोपीय संघाने याहून पुढची मजल मारली. तेथील वस्तुरचनेविषयीचा नवा कायदा १८ जुलै २०२४ पासून अमलात आला. न खपलेले कपडे नष्ट करण्यास त्याने बंदी घातली आणि मोठ्या कंपन्यांसाठी तिची तारीख १९ जुलै २०२६ अशी ठरवून दिली. प्रत्येक कपड्याबरोबर त्याची जन्मकथा सांगणारा एक डिजिटल दाखला असावा, अशी तरतूदही याच कायद्याच्या आधारे व्हावयाची आहे. निसर्गाला न ओरबाडता तयार झालेला कपडा ही हौशी मंडळींची चैन न राहता व्यापाराच्या मुख्य प्रवाहात यावा, असा या साऱ्या खटाटोपाचा उद्देश. उद्देशाबद्दल वाद असण्याचे कारण नाही. परंतु या मुख्य प्रवाहाची चर्चा रंगात आली असताना, ज्या खऱ्याखुऱ्या प्रवाहांनी कापडाचा मळ वर्षानुवर्षे वाहिला त्यांचे नाव मात्र कोठे निघत नाही. महाडची सावित्री ही त्यांपैकी एक होय.

महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री आंबेनळीच्या डोंगरांतून पोलादपूरला उतरते, महाडजवळ गांधारी व काळ या नद्यांना पोटात घेते आणि दासगाव, आंबेत असे करीत बाणकोटच्या खाडीने समुद्रास मिळते. या दोन तालुक्यांत कापूस पिकत नाही. भात, नाचणी आणि वरी एवढेच येथील डोंगरउतार देतात. तरीही कापडाशी या मुलखाचे नाते जुने आहे. शेती पोटाला पुरत नसल्यामुळे पोलादपूर-महाडच्या खेड्यांतील कर्ते पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईस गेले, गिरणगावच्या खोल्यांत दाटीवाटीने राहिले, साच्यांपुढे उभे राहिले आणि गावाकडची चूल मनिऑर्डरीवर पेटत राहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांच्या त्या संपाने गिरणगावाचा कणाच मोडला, आणि गावी परतलेल्यांपैकी अनेकांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. त्याच दशकात महाडजवळ, बिरवाडीच्या बाजूस, औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आकारास येऊ लागली. योगायोग म्हणावा, पण बोलका आहे. कापड विणणारे हात मुंबईहून रिकामे परत येत होते आणि कापड रंगविण्यास लागणारी रसायने त्यांच्या शिवाराशेजारी तयार होऊ लागली होती.

वसाहतीतील सारेच कारखाने रंगाचे नाहीत. औषधे, सुगंधी द्रव्ये, शेतीची औषधे, द्रावके असे नाना पदार्थ तेथे बनतात. तथापि कापडाच्या रंगांना लागणारी मध्यवर्ती रसायनेही येथे तयार होतात, आणि त्यांत एच-ॲसिड या पदार्थाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. नाव सामान्य वाचकाच्या कानावरून गेलेले नसेल, पण पदार्थ बहुधा त्याच्या अंगावर असतो. सुती कापडाला पक्का काळा रंग देणारे जे रंगद्रव्य जगभर सर्वाधिक खपणाऱ्यांत मोडते, ते ‘रिॲक्टिव्ह ब्लॅक ५’, याच एच-ॲसिडच्या पायावर उभे आहे. गडद निळ्या छटांतही ते असते. कपाटात कापडाला कसर लागू नये म्हणून आपण ज्या नॅप्थलीनच्या डांबरगोळ्या ठेवतो, त्याच नॅप्थलीनपासून एच-ॲसिडची सुरुवात होते, ही एक गंमतच.

पुढची प्रक्रिया मात्र गमतीची नाही. नॅप्थलीनवर तीव्र गंधकाम्लाची आणि नत्राम्लाची क्रिया करायची, मग लोखंडाच्या भुकटीने त्याचे क्षपण करायचे, नंतर दाबाखाली दाहक अल्कलीत ते शिजवायचे आणि शेवटी आम्ल ओतून हवा तो पदार्थ खाली बसवायचा. प्रत्येक पायरीवर काहीतरी उरते. लोखंडाचा गाळ उरतो, चुन्याने आम्ल मारल्यावर जिप्समचा गाळ उरतो, आणि अखेरीस काळपट, आम्लयुक्त पाणी उरते. मालापेक्षा मालाचे उच्छिष्ट अधिक, असा हा व्यवहार आहे.

तो किती अधिक, याचा हिशेब आपल्या देशात एका खटल्यामुळे नोंदला गेला. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे लहान गाव आहे. १९८७-८८ च्या सुमारास तेथे एच-ॲसिडचे उत्पादन सुरू झाले आणि अल्पावधीतच बंदही पडले. तेवढ्या काळात जेमतेम ३७५ टन माल निघाला. त्यामागे ८,२५० घनमीटर सांडपाणी आणि २,४४० टन गाळ निर्माण झाला. म्हणजे एक टन मालामागे साडेसहा टन गाळ. तो उघड्यावर पडला, पावसाने जमिनीत मुरला, विहिरींचे पाणी रंगीत झाले आणि शेते नापीक झाली. नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने पाहणी केली. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, त्यातून ‘प्रदूषण करील तो भरपाई देईल’ हे तत्त्व भारतीय न्यायव्यवहारात पक्के झाले. त्या निकालपत्रातील एक निरीक्षण आज पुन्हा वाचावे असे आहे. पाश्चात्त्य देशांत या आम्लाचे उत्पादन बंद झाले, परंतु त्याची गरज संपलेली नाही. ती गरज आता येथील कारखाने भागवीत आहेत, असा त्याचा आशय. भूमी व पाणी सुधारण्यासाठी ३७ कोटींहून अधिक रुपये भरण्याचा आदेश झाला, तो पाळण्याची टाळाटाळ इतकी लांबली की २०११ मध्ये न्यायालयाला व्याजासह वसुलीचा हुकूम काढावा लागला. कारखाना केव्हाच बंद झाला होता. गाळ गावापाशीच राहिला.

महाडचे बिछडी झाले, असा याचा अर्थ नव्हे. महाडच्या वसाहतीला सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, प्रक्रिया केलेले पाणी नळाने खाडीकडे नेण्याची सोय आहे, घातक गाळाची विल्हेवाट लावण्याचे नियम आहेत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळही आहे. लोखंडाच्या भुकटीऐवजी हायड्रोजन वापरून क्षपण करण्याची, म्हणजे लोखंडी गाळ मुळातच टाळणारी पद्धतही आता ज्ञात आहे. तीस वर्षांत काहीच बदलले नाही असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. परंतु नदीची साक्षही ऐकावी लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यांत ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्रातले, म्हणजे देशात सर्वाधिक, आणि त्यांत सावित्रीचा दादली पूल ते मुठवली हा पट्टा होता. खाडीकाठच्या गावांतून मासळी मरत असल्याच्या तक्रारी त्याच्याही कितीतरी आधीपासूनच्या आहेत. महाडजवळच्या डोहांत मगरी अजून आहेत, हे खरे. तेवढ्यावरून नदी निरोगी आहे असा निर्वाळा देणारेही भेटतात. मगर हा प्राणी तक्रार अर्ज करीत नाही, एवढेच फार तर म्हणता येईल.

शिवाय ही यादी ज्या मोजमापावर बेतलेली आहे, ते मोजमापच येथे अपुरे पडते. पाण्यातील सेंद्रिय घाण पचविताना जिवाणू किती प्राणवायू खातात, यावरून प्रदूषणाची पातळी ठरवतात. तिलाच बीओडी म्हणतात. गावच्या गटाराचे पाणी या कसोटीवर लगेच पकडले जाते, आणि महाड शहराच्या सांडपाण्याचा वाटाही सावित्रीच्या पापात नक्कीच आहे. पण नॅप्थलीनपासून बनलेली ही सल्फोनिक आम्ले जिवाणूंना सहजी पचत नाहीत. जे पचतच नाही त्यासाठी प्राणवायू खर्च होत नाही, आणि मग आकडा छोटा दिसतो. रासायनिक कसोटी, म्हणजे सीओडी, लावली तर तोच नमुना वेगळी कहाणी सांगतो. सबब, बीओडी सुधारला म्हणून नदी सुधारली असे समजणे हे ताप उतरला म्हणून क्षय बरा झाला असे समजण्यासारखे आहे.

आता पुन्हा फॅशनच्या व्यासपीठाकडे वळू. कापडातील घातक रसायनांविरुद्ध पाश्चात्त्य देशांत जागृती नव्हती, असे नाही. जर्मनीने १९९४ मध्ये काही ॲझो रंगांवर बंदी आणली, कारण त्यांतून कर्करोगास कारण होणारी अमाइने सुटतात असे आढळले होते. निर्यात धोक्यात येताच आपल्या सरकारनेही तत्परता दाखविली आणि मार्च १९९७ मध्ये असे ७० रंग बंद केले. ग्राहकदेशाने मनावर घेतले तर उत्पादकदेशाचा व्यवहार तीन वर्षांत बदलतो, याचा हा उत्तम दाखला. पण त्या कायद्याची कसोटी कोणती होती? जर्मन माणसाच्या कातडीला लागणारे कापड निर्धोक असावे, ही. ते कापड रंगविताना, आणि त्याहीआधी तो रंग बनविताना, कोणत्या नदीचे काय झाले, हा प्रश्न त्या कसोटीच्या कक्षेतच नव्हता. तयार कापडाची तपासणी करून दिली जाणारी बहुतेक प्रमाणपत्रे याच घाटाची आहेत. एच-ॲसिडपासून बनलेला काळा रंग धुऊन पक्का झाला की अंगाला अपाय करीत नाही. त्याचे सारे विष मागे, त्याच्या जन्मस्थानी राहिलेले असते. त्यामुळे निर्मळ कापड आणि मळकी नदी ही दोन्ही एकाच व्यवहारात सुखेनैव नांदू शकतात.

अलीकडे काही कंपन्या आपले कपडे कोठे शिवले जातात, त्या कारखान्यांची नावे प्रसिद्ध करतात. एप्रिल २०१३ मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले, त्या दुर्घटनेची ही देणगी. थोड्या कंपन्या रंगाईच्या कारखान्यापर्यंतही जातात. पण रंगाईवाल्याने रंग कोणाकडून घेतला, रंगवाल्याने मध्यवर्ती रसायन कोणाकडून घेतले, येथवर पोहोचण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. साखळी जेथे सर्वांत घाण आहे, नेमकी तेथेच ती अंधारात शिरते.

याचे कारण खर्च हे सांगितले जाते. ते तपासून पाहू. एका सुती शर्टाला सुमारे २०० ग्रॅम कापड लागते असे धरले आणि गर्द काळ्या रंगासाठी कापडाच्या वजनाच्या ५ टक्के रंगद्रव्य धरले, तर १० ग्रॅम रंग लागेल. त्यात एच-ॲसिडचा भाग साधारण एक तृतीयांश, म्हणजे तीन ग्रॅमांच्या आसपास. बिछडीचे प्रमाण लावले तर या तीन ग्रॅमांमागे वीसेक ग्रॅम गाळ आणि अर्धा कप सांडपाणी येते. हिशेब स्थूल आहे, परंतु त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. बाजारातील चढउतार धरूनही या तीन ग्रॅमांची किंमत दोन-तीन रुपयांपलीकडे सहसा जात नाही. हे रसायन स्वच्छ रीतीने बनवायचे म्हणून त्याचा खर्च दुप्पट झाला, असे वादाखातर मानले, तरी हजार रुपयांच्या शर्टावर दोन-तीन रुपयांचा बोजा पडेल. शर्ट विकत घेणाऱ्याला तो कळणारही नाही. परंतु रसायन बनविणाऱ्याला तोच बोजा असह्य आहे, कारण त्याचा गिऱ्हाईक किलोमागे दोन रुपये स्वस्त मिळाले तर दुसऱ्या राज्यात अथवा चीनमध्ये जातो. खर्च परवडत नाही हे म्हणणे म्हणूनच साखळीच्या एका टोकाला खरे आणि दुसऱ्या टोकाला खोटे आहे. तिरुप्पूरने हे अनुभवले. नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये तेथील रंगाईचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. पुढे सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची अट पाळून त्यांतील जे टिकले त्यांना खर्चाचा डोंगर उचलावा लागला. तो परदेशी खरेदीदारांनी नव्हे, तिरुप्पूरने उचलला.

या प्रश्नाला एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते. लोकांनी कपडे कमी घ्यावेत, जुने वापरावेत, नैसर्गिक रंगांकडे परतावे. नैसर्गिक रंगांची गोष्ट थोडक्यात आटोपण्यासारखी आहे. मंजिष्ठा आणि निळीची शेते साऱ्या जगाचे कापड रंगवू लागली तर अन्न कोठे पिकवायचे, हे कोणी सांगत नाही, आणि निळीच्या मळ्यांचा इतिहासही काही सुखाचा नाही. काटकसरीचा उपदेश मात्र अधिक गंभीरपणे घ्यावा लागेल. आपल्याकडे जुनेर फेकण्याची चाल कधीच नव्हती. लुगड्याची गोधडी होई, गोधडीचे पायपुसणे होई, आणि उरलेसुरले बोहारणीकडे जाऊन त्याबदल्यात पातेले घरात येई. आज तिलाच मोठमोठी नावे देऊन परिसंवाद भरविले जातात. पण ही चाल सद्गुणापेक्षा गरजेतून आली होती, आणि कपड्याची टंचाई ज्यांच्यावर लादली गेली त्यांच्यासाठी ती अपमानाची खूणही होती, हे विसरून चालणार नाही.

ते महाडने तरी विसरू नये. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते सत्याग्रह परिषदेसाठी पुन्हा महाडला आले, तेव्हा त्यांनी दलित स्त्रियांची वेगळी सभा घेऊन त्यांच्या पेहरावाविषयी सांगितले, याची आठवण तुलनेने कमी निघते. लुगडे नेसण्याच्या तऱ्हेवरून आणि अंगावरच्या कथलाच्या वा चांदीच्या ओझ्यावरून जात ओळखू येते; ती ओळख पुसून टाका, अंगभर लुगडे नेसा, हा त्या उपदेशाचा गाभा होता, आणि स्त्रियांनी तो तत्काळ अमलात आणला. म्हणजे पाण्याचा हक्क आणि वस्त्राची प्रतिष्ठा या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी, एकाच गावी मागितल्या गेल्या. पाण्याचा दावा पुढे मुंबई उच्च न्यायालयात १९३७ साली निकाली निघाला. ज्या समाजाला चांगले वस्त्र नेसणे हेच बंड वाटावे अशी स्थिती होती, त्याच्या नातवंडांना ‘कमी कपडे घ्या’ असे सांगण्याचा नैतिक अधिकार निदान महानगरांतील वातानुकूलित सभागृहांना नाही. स्वस्त आणि चांगला कपडा ही त्यांची रास्त मागणी आहे. तिची किंमत मात्र सावित्रीच्या पाण्याने चुकवावी, हे रास्त नाही. कारण ते पाणी पिणारे, त्यात मासे धरणारे आणि त्याच वसाहतीत कंत्राटी कामावर जाणारे लोक तेच आहेत.

मग जबाबदारी कोणाची? युरोपच्या कायद्यांकडे डोळे लावून बसणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कंपन्यांना आपल्या संपूर्ण पुरवठा साखळीबद्दल जबाबदार धरणारा निर्देश युरोपीय संघाने २०२४ मध्ये मोठ्या गाजावाजाने संमत केला आणि २०२५ मध्ये त्याची अंमलबजावणी लांबणीवर टाकली. तेथील उद्योगांची स्पर्धाशक्ती घटेल, अशी सबब देण्यात आली. दूरच्या नदीविषयीचा कळवळा मंदीच्या झुळकेने विझतो, यात आश्चर्य नाही. कपड्याचा डिजिटल दाखला येईल तेव्हा त्यात धागा कोठला, शिलाई कोठली याबरोबर रंगाचे मध्यवर्ती रसायन कोठले, त्याचे सांडपाणी कोणत्या नदीत गेले, हे लिहिले जावे, असा आग्रह भारताने धरण्यासारखा आहे. निर्यातदारांना तो आवडणार नाही. पण स्वच्छ उत्पादनाचा खर्च शर्टाच्या किमतीत घालण्याचा दुसरा मार्ग त्यांनी तरी अजून सुचविलेला नाही.

त्याआधी घरात करण्यासारखे बरेच आहे. राज्य सरकार हे स्वतः कापडाचे फार मोठे गिऱ्हाईक आहे. पोलीस, एस.टी., रुग्णालये आणि शाळा यांचे गणवेश व चादरी मिळून होणारी ही खरेदी कोणत्याही फॅशन प्रदर्शनाहून अधिक मुख्य प्रवाहातली आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात ‘एक राज्य, एक गणवेश’ या योजनेखाली शालेय गणवेशाचे कापड मध्यवर्ती पद्धतीने घेण्यात आले आणि बचत गटांकडून शिवून घेण्यात आले. वेळेवर न मिळालेल्या आणि मापात न बसणाऱ्या गणवेशांचा जो गोंधळ उडाला तो शिक्षकवर्गाच्या आठवणीत आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविली गेली. त्या गोंधळाची चर्चा कापडाचा दर्जा, शिलाई आणि कंत्राट यांभोवती फिरली. निळा रंग कोठे तयार झाला, हा प्रश्न विधिमंडळात ना शिक्षक संघटनांच्या निवेदनांत महत्त्वाचा ठरला. पोलादपूरच्या एखाद्या शाळा समितीने दुकानदाराला हा प्रश्न विचारावा, अशी अपेक्षा अर्थातच वेडगळपणाची आहे. दुकानदारालाच ते ठाऊक नसते. परंतु गणवेशाच्या कापडाचे मापदंड राज्य सरकार ठरविते, आणि सूत, वजन, रंगाचा पक्केपणा यांच्या जोडीला रंगद्रव्याच्या उगमाचा दाखला मागणारे एक कलम त्यात घालण्यास सरकारला कोणी अडविलेले नाही. अशी अट आली तर स्वच्छ पद्धतीने माल काढणाऱ्या महाडच्या कारखान्याला प्रथमच त्या स्वच्छतेचे गिऱ्हाईक मिळेल.

दुसरी गोष्ट त्याहून सोपी आहे. सावित्रीच्या पाण्याचे नमुने मंडळाकडून ठरावीक ठिकाणी नियमितपणे घेतले जातात. त्यांचे आकडे इंग्रजी तक्त्यांत, तज्ज्ञालाच उमगावे अशा रीतीने नोंदले जातात. दादली, मुठवली, ओवळे या गावांच्या ग्रामपंचायतींबाहेर एक फळा उभारून त्यावर दर महिन्याला पाण्याचा बीओडी, सीओडी आणि रंग मराठीत लिहावा, आणि शेजारी मर्यादा किती ते लिहावे. महाडच्या महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना असा नमुना तपासणे अवघड नाही. मंडळाच्या आकड्यांशेजारी त्यांचाही आकडा लिहिता येईल. या कामाला खडू आणि फळा लागतो. परदेशी कायद्याची वाट पाहावी लागत नाही.